घरचं थाई वाटण, शाकाहारी ग्रीन करी आणि ती कोळंबीची डबी

खवणीवाली
मंडळी, आधी गुन्हा कबूल करते. गेली दोन वर्षं आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी थाई ग्रीन करी होते. करी म्हणजे काय तर आयात मालाच्या दुकानातली हिरव्या पेस्टची डबी, नारळाच्या दुधाचा टेट्रापॅक, त्यात फ्लॉवर, बेबी कॉर्न, पनीर, झालं. साबांना (सासूबाईंना) प्रचंड आवडते, आणि साबा म्हणजे अंड्याचा केक आणला तर ताटली वेगळी ठेवणाऱ्या. परवा डबी संपली म्हणून तोच ब्रँड परत मागवायला लेबलचा फोटो काढत होते तर किमतीचं स्टिकर जरा सुटलेलं, ते पूर्ण सोललं आणि खाली तपकिरी खूण!! मग भिंग घेऊन घटक वाचले, मिरची, लसूण, गवती चहा आणि मग शांतपणे "कोळंबी पेस्ट". दोन वर्षं. त्यातल्या दोन तरी संकष्ट्या असतील, चंद्रोदयानंतर सोडलेल्या.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता वाटण घरीच करायचं ठरवलंय. कुणी केलंय का सगळं पहिल्यापासून? मिक्सरवर जमतं का? आणि ते गलांगल (आल्यासारखा कंद) वगैरे मिळतं कुठे?

अर्धाकप
बाई गं. स्टिकरवाल्याला धरायला हवं. वाचतेय, माझ्याकडेही एक डबी आहे, आत्ता उठून बघून येते.

अर्धाकप
माझ्यातपण आहे 😭

सुखुमवितकर
बँकॉकमध्ये सहा वर्षं झाली, शाकाहारी म्हणून आलो आणि अजून टिकून आहे, त्यामुळे या विषयावर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिली गोष्ट, तुमच्या डबीत कोळंबी "भेसळ" म्हणून नव्हती. इथे वाटणात ती असतेच. कपी म्हणतात त्याला, बारीक कोळंबी/जवळा मीठ लावून आंबवून वाटलेला, रंगाला जांभळट तपकिरी गोळा. लाल असो हिरवं असो, वाटणाच्या शेवटी त्यातला चमचाभर जातो. वरून करीत नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी. त्यामुळे हॉटेलात "नो चिकन" सांगून काही होत नाही, ते बिचारे चिकन काढून देतात आणि आपण खुशीत जवळा खातो.

दुसरी गोष्ट, इथे शाकाहारीला दोन शब्द आहेत. एक मांगसविरत. हा मोठ्याने म्हणून बघा, मांसविरती! आपलाच शब्द, पालीसंस्कृतातून गेलेला. पण रस्त्यावरच्या मावशीला तो शब्द सांगितला की नुसतं हसते, कारण अंडं चालेल का, माशाचं पाणी चालेल का हे तिला त्यातून कळत नाही. दुसरा शब्द "जे", तो पक्का. चिनी बौद्ध परंपरेतला, त्यात मांस मासे अंडी दूध काही नाही आणि कांदा लसूणसुद्धा नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं असतात, लांबून आपल्याला इंग्रजी १७ आकडा वाटतो. मी पहिले तीन महिने समजत होतो की ही सतरा नंबरची दुकानांची चेन आहे.

तिखटजाळ
सतरा नंबर 😂😂

उपासाची_मिसळ
कांदा लसूण नाही? मग आमच्या चातुर्मासाला चालेल की हे. कांदेनवमीला एकदा काय ती भजी खाऊन घेतो आम्ही, मग चार महिने घरात कांदा नसतो. पण कांदा लसूण नसलेलं वाटण चवीला लागतं का?

सुखुमवितकर
लागतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस जे खायचा उत्सव असतो, सगळ्यात मोठा फुकेतला, आणि बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राच्याच दिवसांत येतो. तेव्हा गल्लीगल्लीत पिवळे झेंडे लागतात आणि मी दोन्ही वेळ बाहेर जेवतो. त्यांच्या वाटणात कांदा लसणाऐवजी गवती चहा, गलांगल आणि पांढरी मिरी सढळ हाताने असते, धनेही जास्त. करी जरा हलकी लागते पण वास तोच.

बाकी कुणी फिरायला येणार असेल तर दोन वाक्यं पाठ करा: "माय साय नाम प्ला" (माशाचं पाणी घालू नका) आणि "माय साय कपी". पण दुसऱ्याचा उपयोग फक्त ताज्या परतलेल्या पदार्थांना. करीचं वाटण बाजारातून तयार आलेलं असतं, त्यातून कपी काढणार कशी.

देवगडची_पोर
खवणीवाली, मिक्सरचं सांगते. मी दोन वेळा केलं, एकदा फसलं एकदा जमलं.

फसलं ते असं, गवती चहाच्या काड्या बोटभर लांबीच्या कापून टाकल्या, हिरव्या मिरच्या टाकल्या, फिरेना म्हणून पाणी घातलं, तरी फिरेना म्हणून अजून पाणी. मग एकदम घर्र आवाज आणि पातं थांबलं. भांडं उघडलं तर काड्यांचे दोर पात्याला सुंभासारखे गुंडाळलेले, ते कात्रीने कापून काढायला अर्धा तास. जे वाटलं गेलं होतं ते पाणीदार, ते नारळाच्या दुधात परतायला गेले तर परतलंच जाईना, नुसतं शिजत बसलं. कच्चट वास शेवटपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या वेळी पाटा काढला आज्जीचा. आणि खरं सांगू, हे वाटण पाट्यासाठीच आहे. गवती चहाचे धागे उभे जातात, म्हणून आधी सुरीने आडवे अगदी कागदासारखे पातळ काप करायचे. खालचा पांढरट बुंधाच घ्यायचा, चार बोटं, वरची पाती चहात. मीठ आणि मिरच्या आधी, मिठाची कचकच लागते मिरचीचं साल फाटायला. मग कडक वस्तू, गवती चहा, गलांगल. पाणीवाल्या वस्तू म्हणजे लसूण कांदे सगळ्यात शेवटी, नाहीतर वरवंटा नुसता घसरतो. आमच्याकडे माश्याच्या वाटपाला आई हेच सांगते, कोरडं आधी ओलं मागनं.

सुखुमवितकर
अगदी हाच क्रम इथेही, फक्त पाट्याऐवजी दगडी खल. पपईच्या सॅलडचा मातीचा खल वेगळा, त्याला लाकडी बत्ता असतो, त्यात हे वाटायला जाऊ नका, फुटेल. आणि मिक्सरच वापरायचा असेल तर पाण्याऐवजी नारळाच्या दुधाची वरची साय घाला दोन चमचे. ती नाहीतरी पुढे कढईतच जायची असते.

माटुंगा_मध्य
सामानाचं मी बोलतो.

गलांगल: ताजं क्रॉफर्ड मार्केटला विदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर मिळतं. आल्यासारखंच दिसतं पण साल गुळगुळीत, फिकट, अंगावर आडव्या रेघा, कोवळ्या कोंबाला गुलाबी झाक. आलं घालून चालेल का असं कुणीतरी विचारणारच, तर नाही, वास वेगळा आहे, देवदारासारखा. काष्ठौषधींच्या दुकानात कुलंजन मागा, तेच हे, घसा बसला की गवई लोक चघळतात ते. पण ते वाळलेलं, दगडासारखं, खलबत्त्यात माझ्याकडून फुटलं नाही, उडून फ्रीजखाली गेलं. पूड करून मिळाली तर अर्धा चमचा, जास्त नको, कडू होतं.

माक्रूट लिंबाची पानं: हे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पान, एकाला जोडून दुसरं. पूर्वी "काफिर लाइम" म्हणायचे, तो शब्द दक्षिण आफ्रिकेत शिवी आहे म्हणून आता माक्रूट म्हणतात. फ्रीझरमध्ये महिनोन्महिने टिकतात. वाटणात मात्र पान नाही, त्या लिंबाची साल लागते, ती मला कधीच मिळालेली नाही, मी ईडलिंबाची साल किसून घालतो. तंतोतंत तेच नाही, पण जवळचं आहे.

छोटे कांदे: माटुंग्याला मद्रासी कांदे, सांबारवाले. तिथेच सुंडक्काई मिळाली तर घ्या, मटाराएवढी हिरवी कडवट फळं घोसात. थाई लोक हिरव्या करीत घालतात ती चिमुकली वांगी म्हणजे हीच.

तिखटजाळ
आणि कोथिंबिरीची मुळं! भाजीवाला आपल्याला चिखलासकट जुडी देतो आणि आपण मुळं कापून फेकतो. थाई वाटणात पानं नाही, मुळंच लागतात. लंडनला बहिणीकडे केलं होतं तर तिथे मुळंवाली कोथिंबीर शोधायला तीन दुकानं पालथी घातली, शेवटी देठांवर भागवलं. इथे फुकट आहे तर घ्या की. दात घासायच्या जुन्या ब्रशने माती काढायची.

फक्त_वाचक
वाचनखूण साठवली.

ओसरीवर
मला एक कळत नाही, एवढा खटाटोप कशाला. नारळाच्या दुधात हिरवं वाटण आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. आमच्या गोव्यातलं हिरव्या वाटणाचं कालवण काय कमी आहे? त्यात गवती चहा टाका, झाली थाई करी.

देवगडची_पोर
नाही हो काका, उलट आहे. आपल्यात खोबरं वाटणात जातं आणि दूध शेवटी, मंद आचेवर, फुटू नये म्हणून जिवाचं रान. त्यांच्यात दूध मुद्दाम फोडायचं असतं. पहिलं दाट दूध कढईत घालून तेल वर येईस्तोवर आटवायचं आणि त्या तेलात वाटण परतायचं. मला पहिल्यांदा हात थरथरत होता, दूध फुटतंय आणि मी बघत उभी आहे!

सुखुमवितकर
त्याला "तेक मन" म्हणतात, तेल फुटणं. आणि इथेच टेट्रापॅक गंडवतो, कारण दूध आणि तेल वेगळं होऊ नये म्हणून त्यात आधीच काहीबाही घातलेलं असतं. अर्धा तास आटवा, घट्ट होईल, फुटणार नाही. लेबलवर नारळ आणि पाणी एवढंच लिहिलंय का बघा (तुम्ही आता लेबलं वाचणारच म्हणा). नाहीतर चमचाभर खोबरेल तेल घालून त्यात परता. घरचं असेल तर दोन नारळ खवून अगदी थोड्या कोमट पाण्यात पिळायचे, ते पहिलं दूध अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं की साय वर येते, ती कढईत. दुसरं पातळ दूध नंतर भाज्या शिजवायला.

ओसरीवर, चिडू नका, तुमचं थोडं बरोबर आहे. मिरची दोन्हीकडे पोर्तुगिजांनीच आणली. गोवा त्यांनी १५१० ला घेतलं आणि लगेच १५११ ला त्यांचा वकील अयुथयेच्या, म्हणजे तेव्हाच्या थाई राजधानीच्या दरबारात पोचला. त्याआधी तिखट म्हणजे मिरीच. आजही थाईमध्ये मिरीला फ्रिक थाय म्हणतात, म्हणजे "थाई तिखट", जणू मिरची उपरी आणि खरी आपली ती मिरी.

ओसरीवर
चिडलो नव्हतो. खोबरेलात परतायचं असेल तर येतो.

खवणीवाली
सगळ्यांचे आभार, रविवारी केली. प्रमाण लिहून ठेवते, चौघांची करी दोनदा होईल इतकं वाटण: हिरव्या मिरच्या १८ (अर्ध्या लवंगी, अर्ध्या पोपटी जाड्या कमी तिखट), गवती चहाचे बुंधे ६ (आपले बारीक असतात म्हणून दुप्पट), गलांगल दीड इंच, मद्रासी कांदे ६, लसूण ८ पाकळ्या, कोथिंबिरीची मुळं ७-८, ईडलिंबाची साल चमचाभर, धने एक मोठा चमचा आणि जिरं एक छोटा, दोन्ही भाजून, पांढरी मिरी अर्धा छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा. पाटा नाहीये, खलबत्त्यात पाऊण तास कुटलं, नवरा दोनदा विचारून गेला खालच्या मजल्यावर कोण तक्रार करेल म्हणून. निम्मं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये.

वास असा सुटला की जिन्यात शेजारीण थांबली. रंग डबीसारखा भडक नाही आला, फिकट पोपटी.

आणि मग साबा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "चांगली झालीये गं, पण मागच्या वेळसारखी नाही. काहीतरी कमी आहे."

मी ताटात बघत बसले.

अर्धाकप
🤣🤣🤣 काहीतरी कमी आहे!! काय कमी आहे ते त्यांना सांगू नकोस गं

तिखटजाळ
साबांची जीभ म्हणजे प्रयोगशाळा

सुखुमवितकर
रंग बरोबर आलाय, थाई नावच "खियाव वान" आहे, शब्दशः हिरवा-गोड, पण गोड म्हणजे साखर नाही, मऊ हिरवा, तुम्ही म्हणताय तो पोपटी.

आणि सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांचं निदान अचूक आहे. शाकाहारी थाईची बहुतेक सगळ्यांची चूक हीच, कपी काढतात आणि तिथे भोक तसंच सोडतात, मग मीठ वाढवतात, मग गूळ वाढवतात. कपी नुसती खारट नसते, आंबवलेलं असल्यामुळे तो एक खोल खमंगपणा येतो. त्या जागी आंबवलेलंच काहीतरी हवं. याचं उत्तर थायलंडातच आहे. उत्तरेला च्यांग माय, मे होंग सोनकडे, शान लोकांत, समुद्र लांब, तिथे "थुआ नाव" वापरतात. सोयाबीन शिजवून दोनतीन दिवस आंबवायचं, कुटायचं, हातावर पापडासारख्या पातळ चकत्या थापून उन्हात वाळवायच्या. वापरताना निखाऱ्यावर भाजून चुरायची. नावाचा अर्थ "सडलेलं कडधान्य", वास नावाला साजेसा, पण वाटणात गेला की कळतही नाही. मी च्यांग मायच्या बाजारातून गठ्ठाच आणतो.

माटुंगा_मध्य
आपल्याकडे नागालँडचं आखुनी आणि सिक्कीमचं किनेमा ही त्याचीच भावंडं. ऑनलाइन मिळतात. मी आखुनी तव्यावर भाजलं तेव्हा बायकोने खिडक्या उघडल्या आणि नंतर मलाच बाहेर उभं केलं, पण करी भारी झाली. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी मिसो (जपानी आंबवलेली सोयाबीनची पेस्ट) घ्या, दोन छोटे चमचे. किंवा सुके शिताके मश्रूम भिजवून ते पाणी करीत आणि माशाच्या पाण्याऐवजी फिका सोया सॉस.

उपासाची_मिसळ
मी वरचं सगळं वाचून सरळ मसमन (थाई करीचाच दुसरा प्रकार) केली, कारण त्यात भिजवलेली लाल मिरची (ब्याडगी घेतली) शिवाय भाजलेली दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, धने जिरं सगळं घरातच होतं. वर चिंचेचा कोळ, गूळ, बटाटे, भाजलेले शेंगदाणे. खाताना सारखं वाटत होतं की हिला कुठेतरी बघितलंय. चिंचगुळाची आमटीच, फक्त परदेशी राहून आलेली. कपी घातली नाही, कमीही वाटलं नाही, एवढा मसाला असल्यावर कुणाला शोध लागतोय. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हिरवीऐवजी हीच करावी असं माझं मत.

देवगडची_पोर
+१. आणि गूळ माडाचा मिळाला तर तोच घाला. थाई लोकही माडाचाच घालतात.

मी या आठवड्यात लाल वाटणात फणसाची कुयरी केली. सुखुमवितकरांनी उत्तरेचं म्हटल्यावर शोधलं, तर तिकडे खरंच कोवळ्या फणसाची करी करतात, नारळाशिवाय, टोमॅटो घालून. मी कोकणातली, नारळाशिवाय हात चालेना, घातला. हाताला तेल लावून कापायला विसरू नका, चीक. बांबूचे कोवळे कोंबही छान लागतील, पण आधी काप करून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं हां, कच्चे विषारी असतात.

ओसरीवर
आमच्यात त्याला किल्ल म्हणतात. पावसात येईन परत धाग्यावर.

तिखटजाळ
तुळशीचं काय केलं सगळ्यांनी? फोटोत वरून हिरवी पानं दिसतात ती. मी कुंडीतली तुळस तोडायला गेले तर आईने असं बघितलं की मी मागे फिरले.

माटुंगा_मध्य
आईचं बरोबर होतं, देव सोडा, ती तुळस करीतली नाहीच. करीत होरफा लागते, जांभळे देठ, बडीशेपेसारखा वास. आणि ती आपल्या सब्जाच्याच जातीची. फालुद्यातला सब्जा कुंडीत पेरा, पानं वापरा. वास थोडा वेगळा येतो पण कुणाच्या भावना दुखावत नाहीत. आच बंद करून मगच घालायची.

सुखुमवितकर
आणि हात जोडून विनंती, हिरव्या करीत शेवटी लिंबू पिळू नका. सगळे व्हिडिओवाले पिळतात. आंबट असतं ते तोम यम सूप. हिच्यात खारट, जरासं गोड आणि तिखट, बास.

खवणीवाली
मी पिळलं होतं 🙈

दुसरा प्रयोग काल. ट्रेमधल्या वाटणाच्या चार वड्या, त्यात दोन चमचे मिसो, घरच्या नारळाची साय फोडून घेतली (फुटली! कडेने तेलाचे हिरवे थेंब, मी व्हिडिओच काढला), आधी नाकाला झोंबत होतं ते पाचसहा मिनिटांनी थांबलं तेव्हा पातळ दूध घातलं. हिरवी छोटी वांगी, भोपळा, टोफू. सोया सॉस, माडाचा गूळ सुपारीएवढा. लिंबू नाही.

साबांनी दोनदा भात घेतला. म्हणाल्या, "हां, आता आली बघ पहिल्यासारखी. काय घातलंस?" मी म्हटलं सोयाबीनचं आहे काहीतरी आंबवलेलं. तर म्हणाल्या, "मग आधीच्या डबीत पण तेच असणार."

मी हो म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. नवऱ्याला मात्र सांगितलं, तो तीन मिनिटं हसत होता आणि मग म्हणाला आईला सांगायचं का नाही ते तू ठरव, मी त्या गावचाच नाही.

अर्धाकप
सांगू नकोस.

उपासाची_मिसळ
मी असते तर सांगितलं असतं. जाणूनबुजून केलेलं नाही ना तू. लपवलेलं नंतर कळलं तर जास्त लागतं.

तिखटजाळ
दोघींचंही पटतंय, त्यामुळे गप्प बसते. मिसो कुठला घेतलास ते सांग, आणि मागचं लेबल वाचलंस का? काहींत बोनितो म्हणून माशाचा अर्क असतो.

खवणीवाली
थांबा. बघून येते.

खवणीवाली
सोयाबीन, तांदूळ, मीठ. स्टिकरही सोलून बघितलं.

फक्त_वाचक
इतकी वर्षं नुसतं वाचतोय, आज लिहितो. यावर इंद्रायणी भात चालेल का? जास्मिन राइस आमच्याकडे मिळत नाही.

देवगडची_पोर
इंद्रायणीचा गोळा होईल. आंबेमोहर घ्या, मोकळा करा, पाणी जरा कमी.